इंदूरहून उन्हाळी सुट्टीत समुद्र आणि हिमालय : पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही सहा जण, म्हणजे आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि माझे सासू-सासरे, इंदूरहून निघून आधी मुंबईहून जहाजाने समुद्रात फिरून आलो आणि आठवडाभर घरी विश्रांती घेऊन शिमल्याला गेलो. प्रवास सुंदर झाला. परंतु तयारीत जी धावपळ झाली, तिच्यातील निम्मी तरी आधी कोणी सांगितले असते तर टळली असती. त्यानंतर लोकमान्य नगर आणि सुदामा नगरातील ओळखीच्या कुटुंबांनी मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले, म्हणून सगळे एकदा क्रमाने लिहून ठेवत आहे.

इंदूरकराने एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. आपल्यापासून समुद्र रात्रभराच्या अंतरावर आहे आणि हिमालय त्याहूनही दूर आहे. मुंबईत राहणाऱ्याला घरून निघायला तासभर उशीर झाला, तरी तो बंदरावर पोहोचू शकतो. आपल्या बाबतीत वाटेत कुठेही चार तास गेले, तर भरलेले सगळे पैसे पाण्यात जाऊ शकतात. त्यामुळे ज्या प्रवासाची सुटण्याची वेळ ठरलेली आहे, मग ते जहाज असो वा डोंगरातील छोटी रेल्वे, त्याच्या आदल्या रात्री त्याच गावात मुक्काम असला पाहिजे. पुढील सगळे नियोजन मी या एका नियमाभोवतीच मांडले आहे.

१. आधी क्रम आणि तारखा ठरवाव्यात

आधी समुद्र आणि नंतर डोंगर, हाच क्रम ठेवावा, कारण तो पावसाळ्याशी जुळतो. नैऋत्य मोसमी पाऊस साधारणपणे १ जूनच्या सुमारास केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत येतो. मात्र अरबी समुद्र त्याआधीच, मेच्या उत्तरार्धात, अस्वस्थ होऊ लागतो. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ चक्रीवादळ याच समुद्रात तयार होऊन १७ मे रोजी गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले होते. दरवर्षी असे घडत नाही, तरीही मुलांच्या परीक्षा संपल्याबरोबर, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात जहाजाची सफर उरकून घेतलेली बरी. हिमाचलात पावसाळा बहुधा जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचतो, त्यामुळे मेचा शेवट आणि जूनचा पहिला आठवडा डोंगरासाठी मोकळा राहतो.

दोन्ही प्रवासांच्या मध्ये निदान पाच-सहा दिवस घरी असावेत. मुंबईहून थेट दिल्लीमार्गे वर जाण्याचा मोह आम्हालाही झाला होता. पण दोन्हीकडचे कपडे एकत्र वाहावे लागले असते आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना विश्रांती मिळाली नसती. दोन्ही दिशांच्या गाड्या इंदूरलाच मिळतात, ही आपली मोठी सोय आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

२. कागदपत्रे निघण्याच्या तीन महिने आधी तपासावीत

या पायरीवर मी मुद्दाम जास्त लिहीत आहे, कारण आम्ही सर्वाधिक अडकलो ते इथेच.

देशांतर्गत जहाजप्रवासासाठी, म्हणजे मुंबई-गोवा, मुंबई-कोची किंवा लक्षद्वीप अशा फेरीसाठी, पासपोर्टची गरज नसते; सरकारने दिलेले छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र पुरते. जहाज श्रीलंकेसारख्या परदेशी बंदरावर जाणार असेल, तर मात्र प्रत्येकाचा, अगदी तान्ह्या मुलाचाही, पासपोर्ट लागतो. बरोबर ठेवायच्या गोष्टी अशा :

- प्रत्येक मोठ्या व्यक्तीचे मूळ आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. केवळ पॅन कार्डावर विसंबू नये.
- मुलांचे आधार कार्ड आणि सोबत जन्मदाखला.
- जहाजाचे तिकीट, ऑनलाइन चेक-इन केल्यानंतर मिळणारा बोर्डिंग पास आणि सामानाला लावायच्या चिठ्ठ्या, सगळे छापील स्वरूपात.
- रेल्वेची तिकिटे आणि हॉटेलांची आरक्षणे.
- ज्येष्ठांच्या औषधांची डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास अलीकडचा तपासणी अहवालही ठेवावा.
- पासपोर्ट आकाराची दोन-दोन छायाचित्रे.

आपल्याकडील खास अडचण नावांची आहे. मध्य प्रदेशातील आधार कार्डावर नाव हिंदीत छापले जाते आणि हिंदी छपाईत ‘ळ’चा ‘ल’ होतो. त्यामुळे काळे यांचे काले आणि केळकरांचे केलकर झालेले असते. तेवढ्याने काही बिघडत नाही, पण त्याखालचे इंग्रजी स्पेलिंग मात्र अक्षर न् अक्षर तिकिटाशी जुळले पाहिजे. आपण नावामध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव घालतो. ते एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर आणि तिसऱ्यावर अजिबात नाही, असे हमखास आढळते. माझ्या सासूबाईंच्या आधारवर पतीचे नाव होते आणि आमच्या एजंटाने तिकीट मतदार ओळखपत्रावरून काढले होते. नाव दुरुस्त करून घेण्यात बारा दिवस गेले. तेव्हा जे ओळखपत्र प्रत्यक्ष हातात घेऊन जाणार आहात, त्याच्यावरूनच सर्व तिकिटे काढावीत आणि एजंटाला नाव फोनवर न सांगता त्या ओळखपत्राचे छायाचित्र पाठवावे.

गर्भवती महिला आणि तान्ही बाळे यांच्यासाठी जहाजकंपन्यांच्या स्वतंत्र अटी असतात. साधारणपणे २४ आठवड्यांपुढील गर्भवतीला आणि सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेत नाहीत. पैसे भरण्याआधी आपल्या कंपनीची अट वाचून घ्यावी.

३. जहाजाचे आरक्षण : केबिन आणि खरी किंमत

मुंबईहून भारतीय प्रवाशांसाठी नियमित फेऱ्या कॉर्डेलिया क्रूझेसच्या ‘एम्प्रेस’ या जहाजाने सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू केल्या. १९९० साली बांधलेले हे जहाज अकरा मजल्यांचे आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने दोन किंवा तीन रात्रींची फेरी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातील कोणाला समुद्र सोसतो आणि कोणाला नाही, हे आधी कळत नाही. पाच रात्रींच्या फेरीत पहिल्याच दिवशी त्रास सुरू झाला, तर पुढचे दिवस कठीण जातात. लक्षद्वीपची फेरी मोहक असली, तरी तेथे मोठे जहाज किनाऱ्यापासून दूर उभे राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून बेटावर नेतात. चढण्या-उतरण्याचा हा प्रकार गुडघेदुखी असलेल्यांना झेपत नाही आणि समुद्र खवळलेला असल्यास बेटावर उतरणे रद्दही होऊ शकते.

केबिन चार प्रकारच्या असतात : खिडकी नसलेली आतली, खिडकी असलेली, बाल्कनी असलेली आणि प्रशस्त सुइट. जाहिरातीत दिसणारी किंमत बहुतेक वेळा आतल्या केबिनची असते आणि तीही दोघांनी मिळून राहायचे, या हिशेबाने दरडोई सांगितलेली असते. तीत बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क मिळवल्यावर रक्कम बरीच वाढते, म्हणून सर्व करांसह संपूर्ण कुटुंबाचा एकच आकडा लेखी मागावा. केबिनमधील तिसऱ्या आणि चौथ्या व्यक्तीसाठी बहुधा भिंतीतून उघडणारा वरचा बर्थ असतो. त्यावर ज्येष्ठांना चढता येत नाही. आम्ही चौघे एका केबिनमध्ये आणि सासू-सासरे शेजारच्या केबिनमध्ये राहिलो. लगतच्या केबिन हव्या असतील, तर आरक्षण करतानाच सांगावे.

ज्यांना गाडी लागते, त्यांनी जहाजाच्या मध्यभागातील आणि खालच्या मजल्यावरील केबिन घ्यावी. बागेतील सी-सॉच्या टोकाला बसलेले मूल खूप वर-खाली होते आणि मध्यावर बसलेले जवळजवळ स्थिर राहते, तसेच जहाजाचे आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरील महागडी केबिन दृश्यासाठी उत्तम असते, पण झोके तिथेच अधिक जाणवतात.

जैन किंवा कांदा-लसूण नसलेले जेवण हवे असल्यास ते याच वेळी नोंदवावे.

४. रेल्वेची तिकिटे साठ दिवस आधी

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे ८ मे रोजी निघायचे असेल, तर ९ मार्चला सकाळी आठ वाजता तयार राहावे. तो काळ मुलांच्या परीक्षेचा असल्यामुळे तारीख विसरली जाते; दिनदर्शिकेवर आधीच खूण करून ठेवावी. तत्काळचे तिकीट एक दिवस आधी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला सुरू होते. जुलै २०२५ पासून त्यासाठी आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडलेले असणे आवश्यक झाले आहे. ही जोडणी घाईच्या दिवशी होत नाही, आजच करून ठेवावी.

मुंबईसाठी अवंतिका एक्सप्रेस सोयीची आहे; ती संध्याकाळी इंदूरहून निघून रतलाम-वडोदरा मार्गे सकाळी मुंबई सेंट्रलला पोहोचते. डोंगरासाठी महूहून सुटणारी मालवा एक्सप्रेस घ्यावी. ती उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली करत दुसऱ्या दिवशी अंबाला छावणीला पोहोचते आणि पुढे पठाणकोटमार्गे कटऱ्याला जाते. आरक्षण करताना ‘अंबाला छावणी’ हेच स्थानक निवडावे, कारण ‘अंबाला सिटी’ हे वेगळे आहे. इंदूरमध्येही काही गाड्या मुख्य स्थानकाऐवजी लक्ष्मीबाई नगरहून सुटतात, म्हणून तिकिटावरील स्थानकाचे नाव रिक्षात बसण्यापूर्वी पुन्हा वाचावे.

५. जहाजाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचावे

पहिल्या वेळी आम्ही आदल्या रात्रीच्या बसने निघून थेट बंदरावर जायचे ठरवले होते. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात ट्रक उलटल्यामुळे वाहतूक साडेतीन तास खोळंबली आणि चेक-इन बंद व्हायला जेमतेम चाळीस मिनिटे उरली असताना आम्ही बंदरावर पोहोचलो. त्या साडेतीन तासांत सासऱ्यांचा रक्तदाब किती वाढला असेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये.

जहाजे बॅलार्ड पिअरच्या परिसरातून सुटतात. टॅक्सीवाल्याला नुसते ‘क्रूझ’ म्हटल्यास तो गेटवे ऑफ इंडियाला नेऊन सोडू शकतो. म्हणून ‘बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट’ असे सांगावे आणि बोर्डिंग पासावर वेगळे प्रवेशद्वार लिहिलेले असल्यास तेच दाखवावे. आत विमानतळासारखी तपासणी होते. इस्त्री, पाण्याची विद्युत किटली, मेणबत्त्या, एक्स्टेंशन बोर्ड आणि बाहेरची दारू जहाजावर नेता येत नाही. घरून नेलेले जेवणही बहुधा अडवले जाते. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या रेल्वेतच संपवाव्यात.

मोठ्या बॅगा बंदरावरच सोपवायच्या असतात आणि त्या केबिनपर्यंत पोहोचायला कित्येक तास लागतात. औषधे, ओळखपत्रे, चष्मे, मुलांचे पोहण्याचे कपडे आणि प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत असावा. आमच्याकडून सासऱ्यांच्या संध्याकाळच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या होत्या आणि ती बॅग रात्री साडेनऊला आली.

६. जहाजावरील पहिले तीन तास

चेक-इनच्या वेळी मिळणारे कार्ड हीच केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पैशांचे पाकीट असते. जहाजावर रोख चालत नाही. केलेली खरेदी कार्डावर चढते आणि शेवटी हिशेब होतो. मुलांच्या कार्डावरील खरेदीची सोय बंद करता येत असल्यास पहिल्याच दिवशी करून घ्यावी आणि रोज एकदा खाते पाहावे.

सुटण्यापूर्वी सुरक्षा कवायत होते. २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाजाचा अपघात झाला, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत व्हायची होती. त्यानंतर ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज, म्हणजे आपत्कालीन इशारा, हे मुलांना शिकवावे. आपले जमण्याचे ठिकाण कवायतीनंतर ज्येष्ठांना एकदा चालत जाऊन दाखवावे, कारण त्या वेळी लिफ्ट वापरायच्या नसतात.

किनारा सोडण्यापूर्वी सर्वांचे फोन फ्लाइट मोडवर टाकावेत. जमिनीवरचे नेटवर्क संपल्यावर फोन जहाजाचे उपग्रहावर चालणारे नेटवर्क पकडू शकतो आणि त्याचे शुल्क फार मोठे असते. घरच्यांना ‘दोन दिवस फोन लागणार नाही’ असे आधीच सांगून ठेवावे.

मळमळीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही; डॉक्टरांना विचारून ती आधी घ्यावी. पोट अगदी रिकामे किंवा अगदी भरलेले ठेवू नये. त्रास वाटू लागताच केबिनमध्ये पडून न राहता उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे. डोळ्यांना आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या भागाला एकच हालचाल जाणवू लागली की बरे वाटते. आमच्याकडे आलेपाकाच्या वड्यांचा मोठा आधार झाला.

गोव्यासारख्या बंदरावर उतरल्यास परत चढण्याची शेवटची वेळ हातावर लिहून घ्यावी आणि तासभर आधी परतावे. स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

७. घरी परतल्यावर दुसरी बांधाबांध

ट्रंकेतील लोकरीचे कपडे निघण्याच्या आदल्या दिवशी न काढता तीन-चार दिवस आधी काढून उन्हात घालावेत. डांबराच्या गोळ्यांचा वास बंद गाडीत घाटाच्या वळणांवर असह्य होतो आणि त्यानेच मुलांना उलटी होते. जाड कोट एक नेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर न्यावेत. उंची दर १,००० मीटरने वाढली की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. इंदूर सुमारे ५५० मीटरवर आणि शिमला सुमारे २,२०० मीटरवर आहे, यावरून अंदाज येईल. दुपारी अर्ध्या बाह्या चालतात, पण सूर्य मावळताच स्वेटर लागतो. पकड असलेले जुने, पायात बसलेले बूट न्यावेत.

८. कालका ते शिमला

१९०३ मध्ये सुरू झालेला हा अरुंद रुळांचा रेल्वेमार्ग ९६ किलोमीटरचा असून त्यावर १०२ बोगदे आहेत आणि २००८ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. मोटारीने वेळ कमी लागतो, तरीही जाताना रेल्वेनेच जावे. पाच-सहा तासांत उंची हळूहळू वाढते, वळणांचा त्रास कमी होतो आणि बडोगच्या १,१४३ मीटर लांबीच्या बोगद्यातून बाहेर पडतानाचा गारवा माझी मुले अजून विसरलेली नाहीत.

येथील पेच असा, की कालक्याहून बहुतेक गाड्या पहाटे आणि सकाळी सुटतात, त्यामुळे मालवा एक्सप्रेसने अंबाल्याला उतरून त्याच दिवशी त्या पकडता येतील, असे धरू नये. अंबाल्याहून टॅक्सीने किंवा रेल्वेने कालक्याला जावे, रात्री तेथे किंवा चंडीगडला मुक्काम करावा आणि सकाळच्या गाडीचे आरक्षण आधीच केलेले असावे.

हॉटेल निवडताना ‘मॉल रोडवर’ हे शब्द वाचून हुरळून जाऊ नये. मॉल आणि रिज या भागांत पर्यटकांची वाहने जात नाहीत; खालच्या कार्ट रोडवर उतरून लिफ्टने किंवा चढाने वर जावे लागते आणि सामानासाठी हमाल करावा लागतो. हॉटेलच्या दारापर्यंत गाडी येते का आणि आत किती पायऱ्या आहेत, हे दोन प्रश्न फोन करून विचारावेत. आमच्या हॉटेलला रस्त्यापासून ६४ पायऱ्या होत्या आणि सासूबाई त्यामुळे दिवसातून एकदाच बाहेर पडू शकल्या.

ज्येष्ठांबरोबर असाल तर १८८८ मध्ये पूर्ण झालेले व्हाइसरॉयचे निवासस्थान, म्हणजे आजची भारतीय उच्च अध्ययन संस्था, जरूर पाहावी. १९४५ ची शिमला परिषद येथेच झाली होती आणि तिची बाग शांत आहे. गर्दीच्या कुफ्रीपेक्षा शिमल्याहून साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवरील नारकंडा मला अधिक आवडले. मात्र पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच तिथे जाऊ नये.

९. आणखी वर जाणाऱ्यांसाठी

सुमारे २,५०० मीटरच्या वर काहींना विरळ हवेचा त्रास होतो : डोके दुखते, झोप लागत नाही, मळमळते. तरुण आणि सुदृढ माणसालाही तो होऊ शकतो. मनालीहून रोहतांग खिंडीत जाणारे एका सकाळी सुमारे २,००० मीटरवरून ३,९७८ मीटरवर पोहोचतात, म्हणून तिथे तासाभरापेक्षा जास्त थांबू नये आणि बर्फात धावू नये. रोहतांगसाठी वाहनाचा परवाना आधी ऑनलाइन घ्यावा लागतो, वाहनांची रोजची संख्या मर्यादित असते आणि मंगळवारी रस्ता देखभालीसाठी बंद ठेवतात. परवाना मिळाला नाही, तर ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून लाहौलकडे सिस्सूपर्यंत जाता येते. लेहला विमानाने जाणाऱ्यांनी पहिले दोन दिवस फक्त विश्रांती घ्यावी. डोकेदुखी वाढत गेली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र न काढता खाली उतरावे. उंचीवरील त्रासाच्या गोळ्या शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नयेत. सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

१०. परतीचा दिवस

शिमल्याहून उतरण्याच्या दिवशीच रात्रीची मोठी गाडी ठेवू नये. जूनच्या शनिवारी-रविवारी सोलन-परवाणूच्या रस्त्यावर वाहनांच्या लांब रांगा लागतात. आम्ही दुपारी कालक्याला उतरलो, रात्री तेथेच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी अंबाल्याची गाडी धरली. इंदूरला पोहोचण्याचा दिवस आणि शाळा उघडण्याचा दिवस यांच्यात तीन दिवस ठेवावेत. त्यात लोकरीचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवून ट्रंकेत जातात आणि जहाजाच्या कार्डाचा अंतिम हिशेब बँकेच्या विवरणाशी ताडून पाहता येतो.